वयाच्या माथी मारलेला दोष : जुन्या आऊटबोर्ड मशिनाविषयीच्या एका मताचा प्रतिवाद

निर्मळ हे स्वतः बंदर नव्हे. वसई परिसरात या गावाची ओळख आहे ती तलाव, शंकराचार्यांची समाधी आणि कार्तिक वद्य एकादशीच्या यात्रेत विकायला येणारी सुकेळी यांमुळे. परंतु गावाच्या पश्चिमेला भुईगाव, कळंब आणि राजोडी यांचा किनारा आहे, उत्तरेला वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा व त्याचा जलदुर्ग आहे, आणि या पट्ट्यात डोल जाळ्यांच्या मोठ्या, आत डिझेल इंजिन बसवलेल्या नौकांबरोबरच लहान होड्याही आहेत, ज्यांना आऊटबोर्ड मशीन लावले जाते. आऊटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेले, डोके, पाय आणि पंखा एकत्र असलेले आणि काम झाल्यावर उचलून घरी नेता येणारे इंजिन. ही उचलून नेण्याची सोयच प्रस्तुत वादाच्या मुळाशी आहे, हे पुढे दिसेल.

अशा जुन्या, बहुधा दोन-स्ट्रोकच्या मशिनांविषयी एक मत किनाऱ्यावर रूढ आहे, आणि नवे मशीन विकणाऱ्यांना ते सोयीचे असल्याने ते अधिकच दृढ होत गेले आहे. पंधरा-वीस वर्षांचे मशीन ऑगस्टमध्ये दोरी ओढून सुरू होईना, की त्याचे आयुष्य संपले असे समजावे, भंगारात द्यावे आणि नवे घ्यावे, असे हे मत सांगते. याच मताला अलीकडे एक जोडमत मिळाले आहे, ते असे की मशीन म्हातारे नसेल तर त्याला पेट्रोलमधल्या इथेनॉलने मारले. पहिल्या मतात दोष वयाचा ठरतो, दुसऱ्यात सरकारचा; दोन्हींत एक साम्य असे की मशीन उघडून पाहण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. बहुसंख्य प्रकरणांत ही दोन्ही मते चुकीची आहेत आणि खरा दोष मशीन पावसाळ्यात ज्या रीतीने ठेवले जाते त्या रीतीचा आहे, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

वयाच्या बाजूने जे म्हणता येते ते आधी प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. इंजिन सुरू होण्यासाठी तीन गोष्टी एकाच क्षणी जमाव्या लागतात : योग्य प्रमाणात हवा मिसळलेले इंधन, ते पेटवणारी ठिणगी, आणि पेटण्याआधी त्या मिश्रणावर पडणारा पुरेसा दाब, ज्याला मिस्त्री लोक कॉम्प्रेशन म्हणतात. वय वाढते तसे पिस्टनच्या रिंगा झिजतात किंवा काजळीने खाचेत अडकून बसतात, हेडखालचे गॅस्केट खाऱ्या पाण्याने कुरतडले जाते आणि दाब उतरतो. दोन-स्ट्रोक इंजिनात तर पिस्टनखालची क्रँककेस नावाची पेटीही मिश्रण दाबून वर ढकलण्याचे काम करत असल्याने, क्रँकच्या दोन टोकांची सीलं सुकली की ती पेटी बाहेरची हवा ओढू लागते आणि मिश्रण पातळ होते. हे सर्व खरे आहे, आणि असे झालेले मशीन कितीही दोरी ओढली तरी दाद देत नाही.

मात्र झीज ही हळूहळू होणारी गोष्ट आहे. रिंगा झिजलेले मशीन आधी जोर कमी देऊ लागते, मग धूर वाढवते, मग सुरू होण्यासाठी दोनऐवजी चार, चारऐवजी आठ ओढी मागू लागते, आणि हा उतार दोन-तीन हंगाम चालतो. प्रत्यक्षात ज्या तक्रारी येतात त्यांचे स्वरूप याच्या अगदी उलट असते. मे महिन्याच्या शेवटच्या फेरीपर्यंत दुसऱ्या ओढीला पेटणारे मशीन ऑगस्टमध्ये पन्नास ओढींनीही पेटत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षे यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी राहिली आहे, आणि लहान होड्या तर परंपरेप्रमाणे नारळी पौर्णिमेपर्यंत शाकारलेल्याच असतात. ज्या दोन-अडीच महिन्यांत मशीन एक मिनिटही चालले नाही, त्या काळात त्याची झीज झाली असे म्हणणे तर्काला धरून नाही. वय जर मारेकरी असेल, तर तो नेमका सुट्टीच्या दिवसांतच काम करतो असे मानावे लागेल.

मग त्या काळात घडते काय? याचे उत्तर कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीत सापडते. कार्बोरेटर म्हणजे इंधन व हवा यांचे मिश्रण करणारा भाग. त्याच्या वाटीत फ्लोट नावाचा तरंगता तुकडा इंधनाची पातळी राखतो, आणि वाटीतून इंधन वर जाते ते जेट नावाच्या पितळी छिद्रांतून. मंद गतीचे, म्हणजेच सुरू होतानाचे इंधन ज्या छिद्रातून येते, त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. शेवटच्या फेरीनंतर मशीन किल्ली दाबून बंद केले आणि तसेच उचलून पडवीत ठेवले, तर वाटीत भरलेले पेट्रोल तेथेच राहते. दोन-स्ट्रोक मशिनाच्या पेट्रोलमध्ये वंगणाचे तेल मिसळलेले असते, अनेक मशिनांत पन्नास भाग पेट्रोलला एक भाग या प्रमाणात. जून सरता सरता पेट्रोलचा उडून जाणारा भाग उडून जातो, मागे उरते ते तेल आणि पेट्रोलच्या जड अंशांचा चिकट, डिंकासारखा थर, आणि तो थर सर्वांत आधी सर्वांत लहान छिद्र बुजवतो.

याची खूण इतकी ठळक आहे की ती एकदा समजली की पुन्हा चुकत नाही. चोक, म्हणजे हवा अडवून मिश्रण दाट करणारी झडप, ओढलेला असेपर्यंत मशीन दोन-चार फटके देते, कारण हवा अडल्याने मोठ्या जेटमधूनही इंधन खेचले जाते. चोक आत ढकलताच ते मरते. मोठ्या थ्रॉटलवर कसेबसे धरून ठेवले तर चालते, पण मंद गतीवर येताच बंद पडते. दाब उतरलेले मशीन असे वागत नाही, ते दोन्ही स्थितींत सारखेच निरुत्साही असते. असे मशीन घेऊन आलेल्या नाखव्याला जो मिस्त्री थेट नव्या मशिनाचा दर सांगतो, त्याने रोग्याची नाडी न पाहताच मृत्यूचा दाखला लिहिला आहे. कार्बोरेटर उतरवून जेट बाहेर काढणे, कार्बोरेटर-क्लीनरने धुणे आणि हवेच्या झोताने मोकळा करणे हे एका दुपारचे काम आहे. त्यात तार खुपसून छिद्र मोठे करण्याची सवय तेवढी टाळली पाहिजे, कारण मोठे झालेले छिद्र पुन्हा लहान होत नाही.

पावसाळी मुक्कामात आणखी एक हानी होते, ती मशीन कसे ठेवले यावरून. खाऱ्या पाण्यात चाललेल्या मशिनाच्या पायात, म्हणजे पंख्यापर्यंतच्या लांब खांबात, थंड ठेवणारे पाणी उरलेले असते. मशीन लाकडी घोड्यावर उभे ठेवले तर ते गळून जाते. पण जागा वाचवण्यासाठी ते पडवीच्या कोपऱ्यात आडवे, आणि त्यातही डोके पायापेक्षा खाली अशा रीतीने टाकले, तर तेच पाणी धुराच्या वाटेने सिलिंडरपर्यंत पोहोचू शकते आणि बेअरिंगला गंज चढवते. वसईच्या पावसाळ्यात, जेव्हा घरातले मीठही पाणी सोडते, ठिणगीची वीज देणाऱ्या मॅग्नेटोच्या जोडण्यांवर हिरवा थर धरायला वेगळे पाणी लागत नाही. ही सर्व हानी खरी आहे, आणि क्वचित ती मशिनाचा शेवटही करते. पण तिला वय म्हणता येत नाही. तेच मशीन धुऊन, सुकवून, उभे ठेवले असते तर त्याच वयात ते सुरू झाले असते.

आता इथेनॉलचा आक्षेप. या आक्षेपात तथ्याचा अंश अधिक आहे, म्हणून त्याचा विचारही अधिक काळजीने व्हायला हवा. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली सुरू झाला. २०१४च्या सुमारास प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते, जून २०२२मध्ये ते १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५मध्ये २० टक्क्यांवर. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या व १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत २० टक्के मिश्रणाने इंधन-कार्यक्षमता सहा-सात टक्के घटेल, असे मान्य केलेले आहे. जुन्या रबरी नळ्या, इंधन-पंपाचा पातळ पडदा आणि काही फ्लोट यांना इथेनॉल मानवत नाही, हेही खरे. इथेनॉल पाणी शोषते, आणि पाणी मर्यादेपेक्षा वाढले की इथेनॉल व पाणी यांचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो, जेथून मशीन इंधन ओढते. दोन-स्ट्रोक मशिनासाठी हे विशेष घातक ठरते, कारण वंगणाचे तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते आणि खालच्या थरात जवळजवळ नसते.

एवढे सारे मान्य करूनही, त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो निघत नाही. पहिली गोष्ट अशी की इथेनॉलचे प्रमाण जितके जास्त, तितके पाणी वेगळा थर न होता त्यात सामावण्याची क्षमताही जास्त. म्हणून ‘वीस टक्के आले आणि पाणी सुटू लागले’ हे सरळ विधान रसायनशास्त्राच्या विरुद्ध आहे. थर सुटतो तो बहुधा इथेनॉलने हवेतला ओलावा शोषल्याने नव्हे, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा राहून पागोळ्यांचे पाणी आत गेल्याने, किंवा अर्धी रिकामी टाकी दिवसा तापून रात्री थंड होताना आत दव साचल्याने. दुसरी गोष्ट अशी की थंडीत इथेनॉल नीट वाफ होत नाही आणि इंजिन सुरू होत नाही, हा पाश्चात्त्य देशांतला आक्षेप येथे उसना आणला जातो. इथेनॉलची पेट घेण्याजोगी वाफ साधारण १३ अंश सेल्सिअसच्या वर तयार होते, आणि ऑगस्टच्या पहाटेही कळंबच्या वाळूवर तापमान त्याच्या बरेच वर असते. तिसरी आणि निर्णायक गोष्ट म्हणजे हा आक्षेप तपासणे काचेच्या बाटलीइतके स्वस्त आहे : टाकीच्या तळाचे थोडे इंधन पारदर्शक बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर दोष इंधनाचा. न दिसला तर इथेनॉलवर फोडलेले खापर काढून घ्यावे. जो ही बाटली भरून पाहत नाही आणि तरीही सरकारला शिव्या देतो, त्याला प्रश्न सोडवायचा नसून गाऱ्हाणे टिकवायचे आहे असेच म्हणावे लागते.

रबराचा मुद्दा उरतो, आणि तो रास्त आहे. पण नळी, तिच्यावरचा हाताने दाबून इंधन पुढे ढकलण्याचा फुगा आणि पंपाचा पडदा बदलणे हे छोटे काम आहे, आणि दर काही वर्षांनी ते शुद्ध पेट्रोलच्या काळातही करावेच लागत असे. नळीचे आतले अस्तर सुटून झडपेसारखे आड येणे, किंवा टाकीला जोडणाऱ्या कपलिंगची रिंग सुकून ती इंधनाऐवजी हवा ओढू लागणे, हे दोष इतके सामान्य आहेत की हातातला फुगा दाबून तो कडक होतो का हे पाहणे ही प्रत्येक तपासणीची पहिली पायरी असायला हवी. फुगा कडक होत नसेल तर इंधन पोहोचतच नाही, आणि मग ठिणगी व दाब यांवर चर्चा करण्यात अर्थ नाही. मशीन सुरू होऊन मिनिटभरात बंद पडत असेल, तर बरेचदा टाकीचा हवेचा स्क्रूच बंद असतो. एवढ्या कारणासाठीही मशीन म्हातारे ठरवले जाते.

येथे प्रतिवादाचा रोख खुद्द किनाऱ्यावरच्या उपायांकडेही वळवणे भाग आहे, कारण चुकीच्या निदानाइतकेच चुकीचे उपचारही मशिनांचे प्राण घेतात. जोर लावून दोरी ओढत राहणे हा सर्वांत लोकप्रिय उपचार आहे. चोक ओढून दहा-पंधरा वेळा दोरी ओढली की सिलिंडरमध्ये इंधन साचते, ठिणगी देणारा प्लग ओला होतो आणि जे मशीन कदाचित पेटले असते तेही पेटत नाही. याला मशीन फ्लड होणे म्हणतात. उपाय इतकाच की प्लग काढावा, इंधनाची नळी सोडवावी, थ्रॉटल पूर्ण उघडावा, काही ओढी माराव्यात आणि प्लग कोरडा करून बसवावा. दुसरा लोकप्रिय उपचार म्हणजे ईथरचा फवारा कार्बोरेटरच्या तोंडात मारणे. दोन-स्ट्रोकमध्ये वंगण इंधनाबरोबरच येते. कोरड्या ईथरवर फिरणारे पिस्टन वंगणाविना फिरतात आणि भिंतीवर असलेले तेलही धुऊन निघते. अशा रीतीने वाचवलेले मशीन नंतर खरोखरच वयाच्या नावावर जमा होते.

ठिणगीच्या तपासणीतही उलटा क्रम दिसतो. पहिल्या झटक्याला नवा प्लग आणला जातो, तो चालला नाही की प्लगला वीज देणारी कॉइल गेली असे ठरते, आणि कॉइल बदलूनही काही झाले नाही की मशीन भंगार. वास्तविक मशीन बंद करण्याची किल्ली आणि सुरक्षा-दोरीची क्लिप यांची तार प्रवाह इंजिनाच्या धातूला जोडून ठिणगी मारते. खाऱ्या हवेने ही किल्ली आतून जुळून बसली तर ठिणगी कधीच येणार नाही, मग प्लग सोन्याचा असला तरी. ही तार क्षणभर सुटी करून प्लग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवावा, इंधनाची टाकी व वाफ दूर आहेत याची खात्री करावी आणि दोरी ओढावी. ठिणगी परत आली तर दोष किल्लीचा. ही परीक्षा विनाखर्चाची आहे, आणि तिच्याआधी कॉइल विकत घेणे म्हणजे घराला कुलूप लावलेले विसरून दरवाजा बदलण्यासारखे आहे. जुन्या पॉइंटच्या मशिनांत पॉइंटवरचा काळा थर पुसणे आणि फट पुस्तिकेप्रमाणे लावणे, एवढ्यावरही पुष्कळदा काम भागते. पंखा खडकावर आपटून मग मशीन सुरू होईनासे झाले असेल, तर फ्लायव्हीलखालची लहान चावी तुटून ठिणगीची वेळ सरकलेली असू शकते. तेथेही वयाचा संबंध नाही. गीअर न्यूट्रलमध्ये नसल्याने दोरी अडकणे याविषयी न लिहिलेलेच बरे.

दाब मात्र मोजावा, अंदाजाने सांगू नये. सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, गेज लावून दोरी ओढली की आकडा मिळतो. दोन सिलिंडरच्या मशिनात आकड्याच्या मोठेपणापेक्षा दोन्हींतला फरक महत्त्वाचा. दोन्ही जवळजवळ सारखे आले तर मशिनाचे पोट शाबूत आहे असे समजावे. येथे एक कबुली देणे न्याय्य ठरेल : दोन्ही आकडे पुस्तिकेपेक्षा फारच खाली आले, किंवा क्रँकच्या बेअरिंगला गंज चढून खडखड येऊ लागली, तर ते मशीन खरोखर संपले आहे आणि त्यावर पैसे घालणे हा हट्ट होईल. प्रतिवाद इतकाच की हा निर्णय गेज लावल्यानंतर यावा, आधी नव्हे.

नव्या मशिनाचे समर्थक यावर म्हणतील की चार-स्ट्रोक मशीन घेतले तर ही कटकटच संपते. ती संपत नाही, केवळ जागा बदलते. लहान चार-स्ट्रोक मशिनाच्या कार्बोरेटरमधले मंद गतीचे छिद्र पुष्कळदा अधिकच बारीक असते, आणि तेथेही वाटीत पेट्रोल ठेवून पावसाळा काढला तर तोच डिंक तेच छिद्र बुजवतो. कार्बोरेटरच्या दोन-स्ट्रोक मशिनातून इंधनाचा चतुर्थांशाच्या आसपास भाग न जळताच बाहेर पडतो, हा प्रदूषणाचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि खाडीचे पाणी व मासळी यांच्या हितासाठी नव्या मशिनाकडे जावे असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे. पण तो मुद्दा त्याच नावाने मांडला पाहिजे. सुरू न होण्याचे निमित्त करून नव्हे. सुट्या भागांची टंचाई हाही खरा प्रश्न आहे : ओले एव्हिनरूड याने १९०९मध्ये व्यापारी पायावर आणलेल्या आऊटबोर्डचे नाव चालवणारी एव्हिनरूड मशिने २०२०मध्ये बनणे बंद झाली, आणि अशा मशिनाच्या मालकाला भागांसाठी वणवण करावी लागू शकते. तेथे मरतो तो पुरवठा. धातू जिवंतच असतो.

या संदर्भात केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची घासलेटवर चालणारी आऊटबोर्ड मशिने बोलके उदाहरण आहेत. ती पेट्रोलवर सुरू होतात, तापल्यावर घासलेटवर घेतली जातात, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणावी लागतात, कारण थंड मशिनात घासलेट पुरेशी वाफ देत नाही. जो मच्छीमार बंद करताना हा बदल विसरतो, त्याचे मशीन दुसऱ्या पहाटे अडते, मग ते नवे असो वा जुने. सुरू होण्याचा प्रश्न तेथे आदल्या संध्याकाळी, बंद करताना, ठरलेला असतो. वसईच्या किनाऱ्यावर तो अडीच महिने आधी ठरतो, एवढाच फरक.

म्हणून निर्मळ-अर्नाळ्याच्या परिसरात ज्यांच्या पडवीत असे मशीन आहे, त्यांनी ऑगस्टमध्ये मिस्त्रीची वाट पाहण्यापेक्षा मे महिन्याच्या शेवटच्या फेरीनंतरचा एक तास त्यासाठी राखून ठेवावा. मशिनाचा पाय गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ते चालू करावे, म्हणजे मीठ धुतले जाईल. थंडाव्याच्या पाण्याची धार बाहेर पडते आहे याची खात्री झाल्यावर इंधनाची नळी सोडवावी आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडू द्यावे. मग प्लगच्या छिद्रातून थोडे वंगणतेल सोडून दोरी हळूच दोन-तीनदा ओढावी, मशीन उभे ठेवावे, टाकी रिकामी करून सुकवावी. वाटीत तरीही थेंब उरतातच, त्यासाठी अनेक मशिनांत वाटीच्या तळाशी एक स्क्रू असतो. तो सोडायला एक पेचकस आणि दोन मिनिटे लागतात.